पाय टेकतील असा समुद्र

अश्वजित पाण्याला भ्यायचा. भ्यायचा म्हणजे साधंसुधं नव्हे. लायडनला त्याच्या दारासमोरून कालवा जात होता, आणि इतक्या वर्षांत हा गृहस्थ एकदाही त्याच्या कडेनं चालला नव्हता. भिंतीला खेटून चालायचा आणि लेकीला भिंतीच्या बाजूला ठेवायचा. जिथं समुद्राला बांध घालून माणसं राहतात, अशा देशात पाण्याला भिणाऱ्यानं यावंच कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "नोकरी इथं मिळाली, काय करू?" नोकरी चांगली होती. सायन्स पार्कमधल्या एका प्रयोगशाळेत तो पेशींवर काम करायचा. तिथं पाणी फार तर चंचुपात्रात असायचं.

ही भीती त्यानं स्वतः कमावलेली नव्हती, घरातून आलेली होती. परभणीजवळच्या त्यांच्या गावात पोरं पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकायची. पण ती विहीर गावाची होती, आणि अश्वजितच्या लोकांची वस्ती गावाबाहेर होती. त्यांच्या पोरांनी विहिरीच्या काठावर बसलेलंसुद्धा चालत नसे. अश्वजितच्या वडिलांचा धाकटा भाऊ दिलीप, शाळकरी पोरगा, पोहायला शिकायची भारी हौस. तो एकटाच लांबच्या दगडखाणीतल्या पाण्यावर गेला आणि परत आला नाही. अश्वजितची आई गयाबाई तेव्हा नवी सून होती. दिराला वर काढताना तिनं पाहिलं. त्या दिवसापासून 'पाण्यात पडलं की पोहता येतं' ही म्हण त्या घरात कुणी तोंडातून काढली नाही. अश्वजितच्या जन्माआधीची ही गोष्ट, पण भीती मात्र त्याच्या वाट्याला अख्खी आली.

आणि अशा माणसाच्या बायकोनं, समतानं, मे महिन्याच्या सुट्टीत कुरासावला जायचं ठरवलं. कुरासाव म्हणजे डच राज्यातलंच एक कॅरेबियन बेट. निळंशार पाणी, तोंडाला नळी लावून पाण्यावर उपडं तरंगायचं आणि खालचे मासे बघायचे. समता हेगला एका आंतरराष्ट्रीय संस्थेत कामाला होती. वर्षभर ट्रामच्या खिडकीतून पाऊस बघून ती कंटाळली होती.

"तिकिटं मी बघते, हॉटेल मी बघते," ती म्हणाली. "बीच तू निवड. रिसर्चर आहेस ना? कर रिसर्च."

त्यांच्या नऊ वर्षांच्या लेकीनं, मैत्रीनं, तर टाळ्याच वाजवल्या. तिला कासवं बघायची होती.

अश्वजितनं रिसर्च केला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तशी प्रत्येक किनाऱ्याला त्यानं विघ्नं शोधली. इथं खडक आहेत. इथं जेलीफिश येतात. इथं पाणी फारच स्वच्छ आहे, त्यामुळे खोलीचा अंदाज येत नाही. खरं म्हणजे त्याला एकच गोष्ट हवी होती, जिथं पाय टेकतील असा समुद्र. फोटोत एखादं पोर कमरेइतक्या पाण्यात उभं दिसलं की तो थबकायचा. तो फोटो मोठा करून त्या पोराच्या पुढचं पाणी कुठं गडद होतं ते बघत बसायचा. तिथं मैत्री गेली तर? नळीत पाणी शिरलं तर? आपण काठावरून नुसते ओरडत राहू. दिलीपकाकाच्या वेळी तर ओरडायलाही कुणी नव्हतं.

शेवटी एक किनारा सापडला. छोटीशी खाडी, पांढरी वाळू, आणि खाली डच लोकांचे अभिप्राय, एकजात सगळ्यांचे: फारच रुस्तिख, कमालीचं रुस्तिख. रुस्तिख म्हणजे शांत, एवढं डच त्याला येत होतं. लाटा नाहीत, ओढ नाही, शांत पाणी. त्याचा जीव भांड्यात पडला. "हाच," त्यानं जाहीर केलं आणि त्याच किनाऱ्यावरची खोली समताकडून ठरवूनही घेतली.

रविवारी सकाळी शेजारच्या टिनेकेबाई कॉफीला आल्या. सत्तरीच्या बाई, त्यांची बहीण कुरासावला बरीच वर्षं राहिलेली. अश्वजितनं कौतुकानं फोटो दाखवला. टिनेकेबाईंनी चष्मा वर केला.

"इथं? मुलीला घेऊन?"

"हो. सगळे म्हणतात रुस्तिख आहे."

"आहेच. तिथं चिटपाखरू नसतं," बाई म्हणाल्या. "दोन पावलं टाकली की तळ संपतो, आणि पाणी बाहेर ओढतं. माझी बहीण तिथं कुत्र्यालासुद्धा सोडायची नाही. म्हणून तर रुस्तिख. माणसंच जात नाहीत."

अश्वजितच्या पायाखालची वाळू तिथंच, लायडनच्या स्वयंपाकघरात सरकली. शांत म्हणजे निर्मनुष्य. मराठीतही शांत किनारा म्हटलं की दोन्ही अर्थ निघतात, आणि या शहाण्याला शंकासुद्धा आली नाही! इतके दिवस जपून, चाळणी लावून, ताक फुंकून फुंकून त्यानं आपल्या हातानं लेकीसाठी नेमकं तेच पाणी निवडलं होतं. काठावर कुणी नसलेलं. खाणीसारखं. त्यानं कप खाली ठेवला.

टिनेकेबाई गेल्यावर त्यानं निर्णय सांगितला. "खोली रद्द कर. बेटावर जाऊ, पण पाण्यात कुणी उतरायचं नाही. वाळूत बसू."

"वाळूत बसायला विमान कशाला?" समता म्हणाली. "हेगच्या किनाऱ्यावर बसू की, ट्रामनं जाऊन. दुसरा बीच निवडू ना, लाइफगार्ड असलेला."

"नाही म्हटलं ना!"

तो इतक्या मोठ्यानं ओरडला की मैत्री दचकली. मग तिचेही डोळे भरले. "इक कान झ्वेमन, बाबा! मला पोहता येतं! माझ्याकडे पोहण्याचे तिन्ही डिप्लोमा आहेत!" ती रडत जिना चढून गेली.

समतानं नुसतं त्याच्याकडे बघितलं, आणि ते त्याला जास्त लागलं. आपल्या बाजूनं कुणीतरी हवं म्हणून त्यानं परभणीला आईला व्हिडिओ कॉल लावला. जिनं त्याला लहानपणी ओढ्यातसुद्धा पाय बुडवू दिला नव्हता, ती एकदा 'नको' म्हणाली की विषय संपला.

गयाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"पोरीला पव्हता येतं का?"

"येतं गं, माय. इथं कपडे-बूट घालून पोहायला लावतात, मग डिप्लोमा देतात."

"कुणी शिकविलं?"

"इथल्या तलावावर. सगळ्याच पोरांना शिकवतात."

"समद्या पोरान्ला?"

"समद्या."

गयाबाईचा फोन हलला, पदर डोळ्यांकडे गेला असावा.

"दिलीप पाण्यानं न्हाई मेला, बाळा," ती म्हणाली. "शिकू दिलं न्हाई म्हणून मेला. तवा गावानं आडवलं. आता तू आडवायलास?"

आईचं म्हणणं खरं होतं आणि भीती तसूभरही कमी झाली नव्हती. दोन्ही एकदम छातीत घेऊन तो उभा राहिला. मग जिन्याखाली जाऊन त्यानं हाक मारली, "मैत्री, खाली ये. बीच तू निवड."

ती नाक पुसत आली. निवडायला तिला वेळ लागलाच नाही. लाइफगार्डची उंच खुर्ची असलेला, माणसांनी गजबजलेला किनारा, आणि खडकापलीकडे कासवं.

"किती खोल आहे तिथं?"

"खोल आहे, बाबा," ती म्हणाली. खोटं बोलली नाही.

"काय बघायचंय गं तिथं?" फोनमधून गयाबाईनं विचारलं.

"कासवं, आजी. पाण्याच्या खाली."

"नीट बघ अन् मला सांग. दिलीप बी म्हणायचा, वहिनी, खाली काय आसतंय ते बघायचंय." मग म्हणाली, "पण एकली जाऊ नको. त्यो एकला गेलता. बापाला संगं घे."

"बाबांना येत नाही ना पोहता."

"मंग शिकव त्याला."

मैत्रीनं वळून बापाकडे बघितलं. अश्वजितनं फोनकडे बघितलं. आई फोनमधून बघत होती.

"शिकव," तो म्हणाला.