झाकणावर माझं नाव

हमीदचं दफन झालं, त्यानंतर चार दिवसांनी पुन्हा भेटायला गेलो, तर भाभींनी माझ्यासमोर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा ठेवला. झाकणावर चिकटपट्टी आणि तिच्यावर हमीदच्या सुबक अक्षरात ‘लेले’.

"घेऊन जा भाऊ," त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत तुमच्यासाठीच करत राहिले हे. डॉक्टरांनी मीठ बंद केलेलं, तरी मसाला चाखून बघायचे. मी ओरडले की म्हणायचे, लेल्याला नाही म्हणवत नाही."

त्यांचा मुलगा आसिफ माझ्याकडे पाहतही नव्हता. मी डबा घेतला आणि निघालो.

डब्यात काय असायचं ते सांगतो. माझ्या घरीही हे आज पहिल्यांदाच कळेल. हमीद आणि मी एकाच सरकारी कचेरीत नकाशे काढायचो. दर उन्हाळ्यात तो कॅम्पातल्या घराच्या गच्चीवर म्हशीचं मांस सुकवायचा. बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून मीठ आणि व्हिनेगर लावायचा. अर्ध्यांना लसूण-मिरची, अर्ध्यांना गूळ आणि काळी मिरी. मग सुईने दोऱ्यात ओवून, मलमलीखाली तीन दिवस कडक ऊन. दोन पट्ट्यांमधलं अंतरसुद्धा हा गृहस्थ फूटपट्टीने मोजायचा. कावळे हाकलायचं काम माझं. आमच्या घरात अंडंही चालत नव्हतं, त्यामुळे माझा वाटा त्याच्याच फडताळात राहायचा. शनिवारी कचेरी सुटली की चहाबरोबर दोन पट्ट्या खाऊन, बडीशेप चघळत मी सोवळा होऊन घरी.

हमीदला एक खोड होती. पट्टी अर्धीच चावायची आणि उरलेली परत डब्यात. "अरे, उष्टं काय ठेवतोस?" मी करवादायचो. "पुढच्या चहाला लागतं रे," तो म्हणायचा. मला किळस यायची, म्हणूनच तर माझा डबा वेगळा झाला.

चार वर्षांपूर्वी मला कवळी बसली. "माझा डबा बंद कर बाबा," मी म्हटलं. तो हसला. "बरं झालं. माझीही किडनी रुसलीय. दोघांचं एकदमच सुटलं." त्यानंतर मी वारज्याहून महिन्यातून एकदा जायचो. बिनसाखरेचा चहा पीत आम्ही एकमेकांच्या पथ्याचं कौतुक करायचो. काय पण कौतुक! भाभींना मात्र तो सांगायचा, लेले पिशवीत लपवून नेतो; हे मला त्यांच्याकडूनच आता कळलं. हमीद, चाळीस वर्षांची दोस्ती आपली. विचारलं असतंस तर तुझ्यासाठी खोटंही बोललो असतो… भांडलो असतो आधी, पण बोललो असतो. तू विचारलंसुद्धा नाहीस. माझं नाव परस्पर वापरलंस, आणि आता तुझा मुलगा मला तुझ्या मरणाचं कारण समजतो.

घरी येऊन डबा उघडला. गूळ-मिरीच्या पट्ट्या, माझ्या आवडीच्या. एकूण एक अर्धी. प्रत्येकीच्या टोकाला दातांची खूण. आधी संताप आला, मग त्या संतापातच रडू फुटलं. झाकण लावायचंही सुचेना.

भाभी, रविवारची पुरवणी तुम्ही वाचता हे मला ठाऊक आहे. डबा परत आणतोय. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत, मीही देणार नाही. आहे तसाच आणतोय. आसिफला शेजारी बसवा आणि झाकण उघडा.