लग्नाच्या फ्रेमचा ट्रे

ट्रेची सुटलेली मूठ चिकटवताना फेविकॉलचा वास आला आणि पुरानंतरचा तो मार्च आठवला. आई-बाबांच्या लग्नाचा फोटो पुरात भिजून गेला होता, फ्रेम तेवढी उरली. आईने काचेखाली लग्नातल्या पांढऱ्या साडीचा काठ लावला, मागे प्लायवूड ठोकलं, बाजूंना मोडक्या कपाटाच्या मुठी फेविकॉलने बसवल्या.

"काच हाय गो ती, फुटंल," बाबा म्हणाले.

वीस मार्चला चवदार तळ्याकडे निघालेली माणसं दारावरून चालली होती. आई पाण्याने भरलेले पेले ट्रेवर मांडून थेट रस्त्यावर गेली. बाबा उंबऱ्यातून काचेकडे बघत उभे. पेले रिकामे झाले, काचेला तडासुद्धा गेला नाही.

"कुठं मिळाला बाई हा ट्रे?" पाणी प्यायलेल्या एका म्हातारीने विचारलं.

"लग्नात," आई म्हणाली, आणि तिने वळून बाबांकडे पाहिलं.