पूजेला काढलेल्या चिपा

सोल्डरिंगच्या भट्टीत मेमरीची पहिली चिप फुटली तेव्हा मक्याची लाही फुटावी तसा आवाज आला. पाठोपाठ बाकीच्या फुटल्या. मी वळले आणि माझ्या सख्ख्या थोरल्या भावाच्या कानाखाली वाजवली.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं दोघांचं छोटं वर्कशॉप आहे. इलेक्ट्रॉनिक कार्डांची डिझाइनं मी करते, गिऱ्हाइकं दादा सांभाळतो. मागच्या गल्लीत पत्रा दाबणारी एक हायड्रॉलिक प्रेस आहे. तिच्यावर आमचं कॅमेऱ्याचं कार्ड होतं. साच्यात कामगाराचा हात दिसला की प्रेस जागच्या जागी थांबवायची, एवढंच त्याचं काम. त्यासाठी मेमरी अतिशय वेगवान लागते, घड्याळाच्या ठोक्याला ठोका देत चित्रं साठवणारी. ती मेमरी बनवणाऱ्यांनी बंद करून टाकली. बंद होण्याआधीच्या शेवटच्या ऑर्डरीत घेतलेल्या थोड्या चिपा मी हवाबंद पिशवीत जपून ठेवल्या होत्या. नवी मेमरी घालायची तर व्होल्टेज वेगळं, चिपेचे पाय वेगळे, कार्डावरची एकेक रेघ मोजूनमापून नव्याने आखायची. त्यात महिनेच्या महिने जातात.

प्रेसवरचं कार्ड जळलं म्हणून मी पिशवी काढली. तोंडाला स्टेपलरच्या पिना. आत चिपांवर हळदकुंकू आणि झेंडूची वाळकी पाकळी. खंडेनवमीला दादाने हत्यारांची पूजा मांडली होती. आपल्याकडचं सगळ्यात मोलाचं हत्यार हेच, म्हणून त्याने पिशवी कापली आणि वर नारळाचं पाणीही शिंपडलं. पिशवी उघडली की अशी चिप हवेतली ओल पिते. ती आधी दिवसभर मंद आचेवर सुकवावी लागते, नाहीतर भट्टीत आतल्या आत वाफ होऊन फुटते. हे त्याला दोनदा बजावून मी कामासाठी नाशिक रोडला गेले. परत येते तर प्रेसवाल्या गिऱ्हाइकाने फोनवर घाई केली म्हणून त्याने सगळ्या चिपा कार्डांवर बसवून सरळ भट्टीत सरकवलेल्या.

माझी थप्पड बसताच दादाने मला टेबलावर ढकललं. मी मल्टिमीटर फेकला, त्याची भुवई फुटली. "देवाचं केलं ते चुकलं का माझं?" तो रक्त पुसत ओरडला. मी म्हटलं, "आता देवालाच उभं कर त्या प्रेसवर!"

नवं कार्ड होईपर्यंत प्रेस बंद ठेवा, हे सांगायला मी तशीच धावले. प्रेस चालू होती. तिथल्या फिटरने जळलेलं कार्ड काढून, त्याच्याशिवाय प्रेस चालावी म्हणून वायर डायरेक्ट जोडली होती. प्रेसवर माझ्याच वयाची एक बाई बसली होती. पत्रा सरकवायची, पायाने पेडल दाबायची, हात आत घालून तुकडा काढायची. माझं डोकं फिरलं. खिशातल्या कटरने मी ती वायर तोडली. प्रेस थांबली. बाई उठली आणि तिने माझ्या थोबाडीत दिली.

"हात माझा हाय. नग कमी भरले तर उद्या गेटवरनंच परत लावतील मला. तवा तू येशील का?"

फिटरने हसत हसत वायर पुन्हा पिळली. मी हलले नाही. प्रेसच्या लाल बटणावर तळवा ठेवून उभी राहिले. कार्ड नाही तर मी, असा माझा हट्ट होता. बाईने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कामाला लागली.

चहाच्या सुट्टीआधी साच्यात एक तुकडा अडकला. तिने हात घातला, पाय पेडलवर तसाच. मी ते पाहिलं. बटण ठोकलं. प्रेस थांबली, पण तिच्या दोन बोटांवर.

रिक्षात तिचा हात मी माझ्या ओढणीत गच्च आवळून धरला होता. रक्त माझ्या मांडीवर उतरत होतं. ती रडत नव्हती.

"तू दाबलं व्हतं ताई," ती म्हणाली. "मी बघितलं."

गप्प बस, म्हणून मी तिच्यावर ओरडले, मग रिक्षावाल्यावर, आणि दवाखाना येईपर्यंत ओरडतच राहिले.