जरिनाची पाहुणी

संयोगिता जगदाळे वाईहून लग्न होऊन मिरजेत आली, तेव्हा नवरा फौजेत आणि गावात ओळखीचं कुणी नव्हतं. हायस्कूलात मराठी शिकवायची नोकरी लागली. पहिल्याच दिवशी विज्ञानाच्या जरिना मुल्लानं शेजारची खुर्ची ओढली. "बस गं, डबा काढ." तेव्हापासून चौदा वर्षं दोघींचे डबे शेजारी-शेजारीच उघडले. बाळंतपणं, सासवांची दुखणी, सगळं त्या दोन खुर्च्यांवरच बोलून झालं.

यंदा जुलैत इंडोनेशियाहून तीन महिन्यांसाठी एक शिक्षिका आली. नाव देवी, आणि नमाज पढते, याचं पोरांना भारी नवल. खाण्यापिण्याचं जमावं म्हणून मुख्याध्यापकांनी तिला जरिनाच्या घरी उतरवलं. पहिल्या आठवड्यात संयोगितानंच तिला हौसेनं साडी नेसवली. दुसऱ्या आठवड्यात मात्र संयोगिताच्याच पोटात दुखायला लागलं.

मधल्या सुट्टीत आता खुर्च्या तीन. देवी शेंगदाणे वाटून, गूळ-मिरची घालून दाट कालवण आणायची. जरिना बोटं चाटून खायची आणि संयोगिताची चटणी तशीच घरी जायची. मधेच त्या दोघी हिंदी-इंग्रजीत काहीबाही बोलून खिदळायच्या.

"काय झालं गं?"

"काही नाही. घरातलं."

हे 'घरातलं' संयोगिताला दिवसभर सलायचं.

मग देवीनं हॉलमध्ये पांढरा पडदा बांधून तिकडच्या चामडी बाहुल्यांचा खेळ केला. भीम, अर्जुन, दुर्योधन, सगळे सावल्यांतून लढले. पोरं नुसती खुळावली. नववीतली शिवांजली येऊन म्हणाली, "मॅडम, तुमी भीम असा कवा दाखवलाच न्हाई!" दरवर्षी महाभारत जीव तोडून शिकवणाऱ्या संयोगितानं तिला वर्गात पिटाळलं.

दुसऱ्या दिवशी जरिना म्हणाली, "रविवारी आम्ही दोघी सांगलीला जाणार. येतेस?"

"कशाला? तुला आता तुमच्यातलीच मिळाली की. आमची काय गरज?"

बोलून झालं आणि तिचं तिलाच कळलं, आपण काय बोललो ते. जरिनानं डब्याचं झाकण लावलं आणि वर्गावर निघून गेली. नऊ दिवस ती बोलली नाही.

दहाव्या दिवशी संयोगिता तिच्या घरी गेली. उंबऱ्यातच म्हणाली, "चुकलं माझं. जीभ जळली मेली."

"चौदा वर्षांत तू मला कधी 'तुमच्यातली' म्हटलं नव्हतंस," जरिना म्हणाली. "विसरीन मी. पण लगेच नाही." तिनं चहा ठेवला. आतून देवी बाहेर आली आणि काही ठाऊक नसल्यासारखी संयोगिताच्या गळ्यातच पडली. तिचा राग करायची सोयच उरली नाही, याचाही संयोगिताला राग आला.

सप्टेंबरअखेर देवीला निरोप द्यायला दोघी मिरज जंक्शनवर गेल्या. गाडी हलली तशी जरिना पदर तोंडाला लावून रडायला लागली. संयोगिताच्या मनात आलं, मी नोकरी सोडून वाईला गेले तर ही माझ्यासाठी एवढी रडेल?

जिना उतरताना तिनं सांगूनच टाकलं. "जरिना, मला तिचा लय हेवा वाटला गं. अजून वाटतोय."

"ठाऊक हाय," नाक पुसत जरिना म्हणाली. "सगळ्या स्टाफला ठाऊक हाय. शिपायालासुद्धा."

संयोगिताला हसू आलं नाही. पण रिक्षात जरिना तिच्याकडं सरकायला लागली, तेव्हा तिनं दोघींच्या मधे ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली आणि जागा मोकळी केली.