सत्तरीतल्या पायांचे बूट

टाचणीमावशींचं खरं नाव मासिकाच्या कचेरीत फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. मनगटाला कायम टाचण्यांची छोटी उशी बांधलेली, म्हणून हे नाव पडलं आणि बावीस वर्षांत असं मुरलं की घरी यजमानही गमतीनं तेच म्हणायचे. वडील गणवेश शिवणारे शिंपी. नवव्या वर्षी त्यांनी लेकीच्या हातात काजं करायची सुई दिली, ती पुन्हा सुटली नाही. लग्नानंतर मावशी कारखान्यात कॉलर जोडत होत्या. तिथं कुणीतरी सांगितलं, फॅशनच्या मासिकाला टाके-इस्त्रीसाठी बाई हवी आहे. त्या गेल्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बिनखिडकीच्या कपडेखोलीच्याच होऊन राहिल्या.

फोटोंसाठी मोठमोठ्या फॅशनघराण्यांचे कपडे तिथं उसने यायचे. मावशी वाफेनं सुरकुत्या काढायच्या, ढगळ असेल तिथं पाठीमागून टाचायच्या, फोटो झाला की जसंच्या तसं पेटीत भरायच्या. पूर्वी स्टायलिस्टबाई एकाचा कोट, दुसऱ्याचा सदरा, बाजारातला साधा पट्टा असं काहीबाही जुळवायच्या आणि त्यातून असं काही उभं राहायचं की बघत राहावं. मग घराण्यांनी लगाम आवळले. कोट आमचा तर सदराही आमचा, विजारही आमची, बूटही आमचेच. रॅम्पवर दाखवला तसाच, डोक्यापासून पायापर्यंत. मध्ये परक्याचं बटणसुद्धा नको.

"आता आपण स्टायलिस्ट कसल्या, मावशी? हँगर आहोत हँगर!" बाई म्हणायच्या.

"हँगरला चहा लागत नाही. तुम्हाला लागतो. घ्या," असं म्हणून मावशी कप पुढे करायच्या.

त्या वर्षी मासिकाच्या मुखपृष्ठावर एक म्हातारी नर्तकी घ्यायचं ठरलं. वय त्र्याहत्तर. एके काळी तिचं नाव ऐकून थिएटरांबाहेर रांगा लागायच्या. तिच्यासाठी सगळ्यांत जुन्या, सगळ्यांत करड्या शिस्तीच्या घराण्याचा काळा कोट मागवला. कोटाबरोबर त्याचा राखणदारही आला. पांढरे हातमोजे घातलेला सडपातळ माणूस, हातात नियमांची चार पानं. टाचणी लावायची नाही. वाफ एक वीत लांबून. बूट घालून फक्त अंथरलेल्या कापडावर उभं राहायचं, चालायचं नाही.

"नाकापेक्षा मोती जड," मावशी पुटपुटल्या.

पण हातमोजेवाल्यानं कोट उलगडून आतली बाजू दाखवली, तेव्हा त्या जवळ सरकल्या. अस्तर हातानं घातलेलं होतं. टाके इतके बारीक की डोळ्यांना दिसेनात, बोट फिरवल्यावर जेमतेम जाणवले. जे कधी कुणाला दिसणार नाही तिथं कुणीतरी डोळ्यांत तेल घालून आठवडेच्या आठवडे बसलं होतं.

"किती माणसं लागली हो याला?"

"अस्तराला एकच," तो म्हणाला. "एकाच हाताचा टाका लागतो. हात बदलला की ताण बदलतो."

मावशींना वडील आठवले. तेही हेच सांगायचे.

घोडं अडलं ते बुटांवर. नर्तकीबाई मापासाठी आल्या, मोजे काढले. पन्नास वर्षांच्या नाचानं पायांची दैना झाली होती. अंगठ्यांच्या मुळाशी हाडं बाहेर आलेली, उजव्या पायाची दोन बोटं एकमेकांवर चढलेली. घराण्याचा तो निमुळता बूट टाचेपर्यंतही जाईना.

"माझ्या सपाता चालतील की," नर्तकीबाई म्हणाल्या. "कोटाखाली कोण बघतंय?"

हातमोजेवाल्यानं मान हलवली. "परकी वस्तू चालत नाही, बाई."

"मग अनवाणी?" स्टायलिस्टबाईंनी विचारलं.

"बुटांशिवाय पोशाख अपुरा. अपुरा पोशाख छापत नाहीत."

संपादकबाई खाली आल्या, फोनाफोनी झाली. मावशींना वाटलं, झालं, आता कोट पेटीत जाणार आणि म्हातारीचं मुखपृष्ठही. पण तासाभरानं हातमोजेवाला फोन घेऊन थेट त्यांच्यासमोर उभा राहिला. "आमचे बूटकारागीर आहेत. माप घेणाऱ्या हाताशी बोलायचंय म्हणतात."

पलीकडून म्हाताऱ्या माणसाचा घोगरा आवाज आला. "पायाखाली कागद ठेवा, ताई. पेन्सिल सरळ धरा, तिरकी नको. एकदा बसवून, एकदा उभं करून."

"दोन्ही वेगळी येतील?"

"या वयात चांगला बोटभर फरक पडतो. आता वाजले किती?"

"अकरा."

"आणि फोटो किती वाजता काढणार?"

"पुढच्या आठवड्यात, दुपारी चारला."

"मग आजही चारला पुन्हा मापा. दुपारपर्यंत पाय सुजतात."

मावशी फरशीवर बसल्या. रेघ मारली, घेर मोजले, चढलेल्या बोटांची उंची मोजली. कारागीर एकेक विचारत होता: हाड दाबल्यावर दुखतं का? भार टाचेवर की चवड्यावर? नर्तकीबाई वरून उत्तरं देत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, "इतकी चौकशी तर माझ्या डॉक्टरांनी केली नाही!"

सहाव्या दिवशी पेटी आली. पायातली वहाण पायातच बरी म्हणतात. ही वहाण मात्र मखमलीत निजून, पहारेकऱ्यासकट आली होती. बाहेरून पाहिलं तर रॅम्पवरचाच बूट, तोच निमुळता डौल. आत हात घातला तर जिथं हाड तिथं खोलगा, जिथं बोट चढलेलं तिथं त्याच्यापुरती जागा. बाहेर त्याचा मागमूस नाही. मावशींनी तोंडात बोट घातलं. परक्याची सपात चालू द्यायची नाही, एवढ्या एका हट्टापायी कुणीतरी त्या पायांबरहुकूम लाकडाचे दोन नवे साचे कोरले होते. हा हट्ट म्हणावा की वेड, त्यांना कळेना. पण असलं वेड त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

नर्तकीबाईंनी बूट घातले, एकेका पायावर भार टाकून पाहिला. "दुखत नाहीये," त्या म्हणाल्या. "मावशी, कुठंच दुखत नाहीये."

ठरल्याप्रमाणे त्या कापडावर उभ्या राहिल्या. फोटो झाले. कॅमेरा खाली गेला, आणि नर्तकीबाई कापडावरून उतरल्या. नुसत्या लाकडी फळ्यांवर दोन पावलं टाकली, डाव्या पायावर उभ्या राहिल्या आणि गरकन फिरल्या. एकदा, दोनदा, तीनदा. कोट छत्रीसारखा उघडला आणि ते न दिसणारं अस्तर क्षणभर सगळ्या खोलीला दिसलं. हातमोजेवाल्यानं ओरडायला तोंड उघडलं, ते तसंच उघडं राहिलं.

छापला गेला तो कापडावर उभं राहून काढलेला फोटोच. बूटही नियमाप्रमाणे परत गेले. "दुसऱ्या कुणाच्या पायात जाणार आहेत का ते?" असं मावशींनी तणतणून विचारलं, तेव्हा हातमोजेवाला खाली बघत म्हणाला, "नाही. नंबर लावून कपाटात ठेवतात."

आठवड्यानं कपडेखोलीत फोन वाजला. तोच घोगरा आवाज. "ताई, उजवा तळवा जवळजवळ कोरा आहे. डाव्याच्या चवड्याला गोल घासल्याची खूण आहे."

खोटं बोलायला मावशींची जीभ वळेना. "नाचल्या हो त्या. तीन गिरक्या."

"तीन?" म्हाताऱ्यानं विचारलं. "टाच हलली का आत?"

"तसूभरही नाही."

"बरं. वहीत मी 'बूट निर्दोष' असं लिहितो. आणि साचे मोडत नाही. बाईंना सांगा, पुन्हा कधी बूट लागले तर साचे आहेत."

घरी जेवताना मावशींनी हे सगळं यजमानांना सांगितलं. त्यांनी घास हातात धरून विचारलं, "म्हणजे शेवटी नियम मोडलाच की!"

"मोडला ना," मावशी म्हणाल्या. "पण काय बूट होते हो! काय बूट होते!"