गुलाबी नमुना

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं रक्त काढणाऱ्या या बाईंना सगळे ‘एकसुई’ म्हणत. दुसऱ्यांदा टोचायची वेळ त्यांच्यावर येतच नाही, अशी ख्याती. नाव झालं की ते सांभाळायचं दुखणं मागे लागतं, आणि बाईंना ते चांगलंच जडलं होतं.

त्या सकाळी छाती जड झाली म्हणून त्यांची नणंद आली. आमच्या वहिनीपेक्षा मुंगी जास्त चावते, असं तिने रांगेतल्या सगळ्यांना ऐकवलं. शीर मात्र दोऱ्याएवढी. बाईंनी सिरिंजचा दट्ट्या जोर लावून ओढला. रक्त आलं, पण मशीनमध्ये फिरवल्यावर वरचं पिवळं पाणी गुलाबी निघालं. म्हणजे ओढाताणीत रक्तपेशी फुटल्या होत्या. असा नमुना फेकून नवा घ्यायचा, हे बाईंनीच कितीतरी नव्या पोरींना दटावून शिकवलं होतं. पण बाहेर नणंदेचं गुणगान अजून चालूच. आता कुठल्या तोंडाने तिला परत आत बोलवायचं? फिकाच तर आहे रंग, अशी मनाची समजूत घालून त्यांनी तोच नमुना तपासणीला लावला.

हृदयाला रक्त कमी पडून स्नायू दुखावला, की ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं. फुटलेल्या पेशींमुळे मशीनने त्याचा आकडा होता त्यापेक्षा कमी दाखवला. ईसीजीही साफ होता. डॉक्टरांनी रिपोर्टवर भरवसा ठेवला आणि पित्ताची गोळी देऊन तिला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी नणंद जिन्यातच कोसळली. हृदयाची एक रक्तवाहिनी बंद निघाली. जीव वाचला, पण हृदयाचा एक कोपरा कायमचा कामातून गेला.

भेटायला येईल त्याला नणंद सांगे, वहिनीची तपासणी बरोबरच होती, दुखणं नंतर वाढलं. ते ऐकून बाईंना मेल्याहून मेल्यासारखं होई. त्यापेक्षा तिने शिव्या दिलेल्या परवडल्या असत्या. चार दिवस त्यांनी फळं कापली, उशा सारख्या केल्या, नको तितकी सेवा केली. पाचव्या दिवशी राहवेना. खाली मान घालून त्यांनी नमुना खराब होता हे सांगून टाकलं. तरी तोच का लावला, ते मात्र गिळलं.

नणंदेने पांघरूण बाजूला सारून हात पुढे केला.

“वहिनी, हात माझा होता,” ती म्हणाली. “परत टोचलं असतं तर मला दुखलं असतं. तुला कसली भीती वाटली?”

बाईंना उत्तर माहीत होतं. ते इतकं क्षुल्लक होतं, की तिच्यासमोर ते उच्चारायचीही त्यांना लाज वाटली.