मीटरवरचा रुमाल

रुमालमास्तरांनी या वयात गाडी वाऱ्यासारखी हाकली आणि दातांच्या डॉक्टरांचं फाटक उडवलं, ही बातमी आमच्या गल्लीत सकाळच्या चहाआधी पोचली. दुपारपर्यंत फाटकासोबत एक कुत्रंही मेलं. त्या दिवशी दूध का आलं नाही, हा प्रश्न मात्र कुणालाच पडला नाही. संध्याकाळी कुत्रं शेपटी हलवत आलं आणि डॉक्टरांनी सांगितलं की फाटक पाडलं ते दुधाच्या टेम्पोनं, मागे घेताना. मास्तर तेव्हा अंथरुणात होते. पण एकदा उठलेली आवई खाली बसवायची तसदी कोण घेतो? आम्ही तर नाहीच घेतली. ती गल्लीतून निघाली ती थेट मास्तरांच्या मुलाच्या कचेरीत जाऊन बसली.

मास्तरांचा उभा जन्म ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेला. अर्ध्या गल्लीला क्लच त्यांनी शिकवला, उरलेल्या अर्ध्या गल्लीनं त्यांच्या तोंडाला भिऊन नाद सोडला. मोकळा रस्ता लागला की ते खिशातला चौकड्यांचा रुमाल काढायचे, स्पीडोमीटरवर टाकायचे आणि विचारायचे, "किती?" शिकणाऱ्यानं इंजिनाच्या आवाजावरून वेग सांगायचा. चुकला की, "कान घरी खुंटीला लावून आलास का?" एवढं सगळं दुसऱ्यांना शिकवता शिकवता त्यांनी स्वतः मीटरकडे शेवटचं कधी पाहिलं, देव जाणे.

निवृत्तीनंतर त्यांच्याकडे उरली ती एक जुनी गाडी आणि त्या गाडीत बसणारी एकच सवारी, त्यांची थोरली बहीण, ताई. ताई गावाच्या दुसऱ्या टोकाला तळमजल्यावरच्या खोलीत एकटी. कंबर कामातून गेलेली, बसची पायरी चढवत नाही. दर रविवारी मास्तर तिला तलावाच्या कडेनं एक फेरी मारून आणायचे. सीट मागे सारायची, आधी तिची पाठ टेकवायची, मग पाय उचलून आत घ्यायचे. ही कसरत दुसऱ्या कुणाला जमत नसे आणि ताई दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. आठवडाभरात तिला आभाळ दिसे ते तेवढंच.

मध्यंतरी ताई एकदा म्हणालीही होती, "अरे, गाडीला उचकी लागलीय. टकटक ऐकतोयस ना?"

"गाणं चाललंय ते," मास्तर म्हणाले. मुलानं वाढदिवसाला गाडीत गाण्यांचा टेप बसवून दिला होता. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांचे कान तयार केले, त्याचेच कान त्या टेपनं बंद केले.

मुलगा विमा कंपनीत साहेब. दिवसभर लोकांचे अपघात चिवडायचा, त्यामुळे भिंतीला टेकलेली सायकलसुद्धा त्याला पडलेलीच दिसे. फाटकाची बातमी ऐकून तो आला आणि बाबांशेजारी गाडीत बसला. चौकाच्या पुढे त्यानं विचारलं, "बाबा, आत्ता किती वेग आहे?"

"चाळीस."

मुलानं मीटर पाहिला. काटा शून्यावर.

"आणि काटा कुठे दिसतोय तुम्हाला?"

"काटा कशाला बघायचा? कान आहेत की."

घरी येताच मुलानं किल्ली खिशात टाकली. "गाडी पळतेय, काटा शून्यावर, आणि तुम्ही म्हणता चाळीस. आता पुरे, बाबा." गाडीचे कागद मुलाच्याच नावावर होते. मास्तरांनीच मागे हौसेनं करून दिले होते.

मास्तरांच्या डोक्यात एकच घोळत राहिलं. काटा हलला तर किल्ली परत येईल; नाहीतर ताई रविवारी केस विंचरून दाराकडे बघत बसेल. ड्रायव्हरच्या बाजूचं दार कधीच नीट लागत नसे. तिथूनच ते आत शिरले.

"किल्ली नाही तर आत बसून काय करणार? हॉर्न वाजवणार?" बायको म्हणाली.

"टॉर्च धर."

त्यांनी आधी किलोमीटरचे आकडे पाहिले. तेही थिजलेले. "काटाच मेला असता तर आकडे तरी सरकले असते. दोघं एकदम बसले, म्हणजे त्यांना फिरवणारंच कुणी राहिलेलं नाही." चाकं फिरली की गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत एक तार फिरत येते, काळ्या नळीच्या आतून, तीच काटा हलवते. मास्तरांनी डॅशबोर्डखालून हात घालून मीटरमागची फिरकी सोडवली आणि तार ओढली. वीतभर हातात आली, पुढे झिंज्या. मग बोटं नळीवरून चाचपत गेली आणि टेपच्या पाठीशी थांबली. तिथे नळी कोपरासारखी मोडून कोंबलेली होती.

"तुझ्या लेकाचं गाणं," मास्तर म्हणाले.

"त्याला सांगू नका हं. वाईट वाटेल त्याला."

"आणि मला?"

बायकोनं टॉर्च दुसरीकडे फिरवला.

जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानातून त्यांनी नवी केबल आणली. पोतं अंथरून गाडीखाली शिरले, गिअरबॉक्सकडचं टोक सोडवलं. नव्या तारेला हलकं ग्रीस लावलं, वरचं टोक मात्र कोरडं ठेवलं, नाहीतर ग्रीस मीटरमध्ये चढतं. नळीला कुठे वळण आवळून बसू नये म्हणून टेपच उपसून काढला. तारेचं चौकोनी टोक मीटरच्या भोकात बसलं तेव्हा त्यांनी हात पुसले आणि मुलाला फोन केला.

मुलगा शनिवारी संध्याकाळी आला. गाडी त्यानं चालवली. मोकळ्या रस्त्यावर मास्तरांनी रुमाल मीटरवर टाकला.

"चाळीस," ते म्हणाले आणि रुमाल उचलला. काटा चाळीसवर.

पुन्हा रुमाल. "पन्नासच्या वर चाललास. कमी कर, पुढे शाळा आहे." रुमाल उचलला, काटा पन्नासच्या पुढे.

घरी पोचताच मुलानं गाडी बंद करून किल्ली काढली. मास्तरांनी तळहात पुढे केला. मुलगा म्हणाला, "फार बरं झालं, बाबा. मीटर बंद म्हणूनच गिऱ्हाईक अडून बसलं होतं. उद्या सकाळी न्यायला येतंय." मग डॅशबोर्डमधल्या भगदाडाकडे बोट दाखवून, "टेप कुठे गेला? मी टेपसकट बोललोय."

मास्तरांनी तळहात मागे घेतला. टेप बायकोनं आणून दिला.

रविवारी गाडी गेली, टेपसकट, नळी पुन्हा मुरगळून. गल्ली कठड्यांना टेकून बघत होती. फाटक पाडलं म्हणूनच विकली, असं कुणीतरी हळूच म्हणालंही. घरात फोन वाजला. ताई विचारत होती, निघालास का. मास्तरांनी फोन बायकोच्या हातात दिला.

"आत्याला टॅक्सीनं फिरवून आणा," मुलगा म्हणाला. "बाबा, तुमच्या भल्यासाठीच केलं. मला डोळ्यांसमोर दिसत होतं, एक दिवस काहीतरी होणार."

मास्तर खिशातला रुमाल काढून त्याची घडी घालत होते. ती नीट होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"रुमाल मीटरवर टाकायला शिकवलं होतं तुला," ते म्हणाले. "डोळ्यांवर नाही."